एक प्रत दुसऱ्या गावी

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. त्याआधी २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेनं सांगली-कोल्हापूरला वेढलं होतं. पुढे चिखल उपसला गेला, भिंतींना रंग लागला, नवे फ्रिज आले. पण ज्या घरांत तळमजल्यावरच्या टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची हार्ड डिस्क, तिथे दोन्ही एकाच पाण्यात भिजली. तिथलं जे गेलं ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आपल्या कॉम्प्युटरमध्ये काय काय असतं ते एकदा आठवून बघू या. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. वडिलांनी निवृत्तीनंतर एकेक अक्षर शोधत टाइप केलेली घराण्याची वंशावळ. गावच्या जत्रेतल्या नाटकाचं शूटिंग. मुलीचा अर्धा झालेला प्रबंध. सातबारा पुन्हा काढता येतो, मार्कशीटची दुसरी प्रत खेटे घालून का होईना मिळते. आजीचा आवाज मिळत नाही. तो कुठल्या संग्रहालयातही नाही. त्याचे राखणदार फक्त आपण.

लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली. तरी मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ आज आपल्या हातात आहे, कारण महानुभावांनी त्यातल्या लीळा स्मरणात जपल्या होत्या आणि स्मरणातूनच त्या पुन्हा लिहून काढल्या. आपल्या हार्ड डिस्कमधलं मात्र कुणालाच पाठ नाही. तिथे प्रतच हवी, आणि ती दुसऱ्या ठिकाणी हवी.

दुसऱ्या ठिकाणी म्हणजे दुसऱ्या खोलीत नव्हे. आग, पूर, चोरी यांना खोल्या कळत नाहीत. शिवाय कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्याही तावडीत सापडते. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’नं जगभर हेच दाखवलं.

“पण माझं सगळं गूगलवर आहे की!” हे आपण सगळेच म्हणतो. असू द्या, चांगलंच आहे. फक्त तेवढ्यावर विसंबू नका. फुकटची १५ जीबी जागा फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून असते. ती भरली की नवे फोटो चढायचे थांबतात. सिंक चालू असेल, तर इथे चुकून पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या खात्यात कोण जातं? मोठ्या कंपन्यांच्या इमारतीही जळतात. मार्च २०२१मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर पेटलं, तेव्हा ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला.

जाणकारांचा नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. ही दुसरी जागा आणायची कुठून? ती आपल्याकडे आधीपासूनच आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचं एक घर मुंबईत, एक कोकणात. भाऊ नाशिकला, मावशी साताऱ्याला. गणपतीला गावी जाताना सामानात एक डिस्क टाकू या. गावाकडची मुंबईला आणू या. तुझी माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. पुढच्या वर्षी नवी भरलेली न्यायची, जुनी परत आणायची. आपल्यासारखं नात्यागोत्यांचं जाळं असताना हे कठीण का जावं?

डिस्कला पासवर्ड लावा आणि तो घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. कॉपी झाल्यावर चार-दोन फाइली उघडून बघा. न उघडणारा बॅकअप हा बॅकअप नव्हे. वर्षानुवर्षांची साठवण पेनड्राइव्हच्या भरवशावर सोडू नका. आणि हो, श्रीलिपी किंवा आकृतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं जुनं लेखन असेल, तर ते युनिकोडमध्ये आणून घ्या, सोबत पीडीएफही काढा. नाहीतर फाइल वाचेल, पण त्यातली मराठी वाचता येणार नाही. याकडे आपलं फार दुर्लक्ष झालं आहे.

ज्यांना हे जमतं, त्यांनी शेजारच्या काकांकडे तासभर बसावं. कॉलेजच्या मुलांनी आपल्या सोसायटीत, वाडीत एक रविवार यासाठी द्यावा. गावच्या वाचनालयांनी, नाट्यमंडळांनी परगावच्या एखाद्या संस्थेशी जोडी जमवावी आणि एकमेकांच्या डिस्क सांभाळाव्यात. खर्च एका डिस्कचा. बाकी लागतो तो विश्वास, आणि तो आपल्याकडे आहे.

आज रात्री जेवणं झाली की परगावच्या एका माणसाला फोन लावू या: “तुझ्या कपाटात माझ्या एका डिस्कपुरती जागा आहे का? तुझीही माझ्याकडे पाठव.”