भट्टीपाशी बसणारी माणसं द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
भारतीय लघुउद्योग विकास बँक (सिडबी), लखनौ

कोल्हापुरात मी अभियांत्रिकी पदविकेच्या मुलांना शिकवते. हवामान-वित्तात शिरायचं तर काय करावं, असं मुलं अलीकडे विचारतात. त्यांना दिसणाऱ्या नोकऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात नाहीतर दिल्लीत असतात. ग्रीन बाँड, निधी, सल्लागार कंपन्या. ती कामं हवीतच. पण शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या फाउंड्र्यांत हेच काम पडून आहे, आणि त्यासाठी पगारी जागा मला कुठे दिसत नाही. म्हणून हे पत्र.

इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे टनामागे चारशे किलोंहून जास्त, आणि हे नुसत्या वितळवण्यात. झाकण उघडं राहिलं, स्क्रॅप मातकट आलं, मोल्डिंग मागे पडलं म्हणून तयार मेटल भट्टीत थांबलं, की युनिट वाढतात. महिना ५०० टनांच्या फाउंड्रीने टनामागे ५० युनिट वाचवले असं धरा. २५,००० युनिट झाले. आठ रुपये दराने दोन लाख रुपये, शिवाय साडेसतरा टन कार्बन डायऑक्साइड. नव्या भट्टीच्या कर्जाचा हप्ता याच दोन लाखांतून फिटू शकतो, पण ते कागदावर मांडून देणार कोण? भट्टी, कॉम्प्रेसर, सँड प्लांट, सगळ्यांचं बिल बहुतेक ठिकाणी एकत्र येतं, त्यात भट्टीची बचत वेगळी दिसत नाही. ऊर्जा लेखापरीक्षक भट्टीवर अहवाल देतो, सीए ताळेबंद देतो. या दोघांची सांगड कुणी घालत नाही आणि कर्जप्रकरण शेवटी जागेच्या तारणावर येऊन ठरतं.

पैसा नाही असं म्हणता येणार नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २०२५ ची १,००० कोटींची योजना सूक्ष्म व लघुउद्योगांना व्याजात ५ टक्के, मध्यमांना ३ टक्के सवलत देते, आणि तिच्यात फाउंड्री आहे. हरित हवामान निधीची मान्यता तर तुमच्या बँकेलाच आहे. दुसरीकडे युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात लोखंड-पोलादावर कार्बनचा आकार सुरू केला आहे. उत्सर्जनाचं प्रत्यक्ष मोजमाप दाखवता आलं नाही, तर संघाने ठरवलेले आकडे धरले जातात. वाहनांचे बहुतेक सुटे भाग अजून या आकाराच्या यादीत नाहीत. म्हणूनच मोजायला शिकण्यासाठी याहून चांगली वेळ मिळणार नाही.

माझी मागणी साधी आहे. कोल्हापूरपासून सुरुवात करून प्रत्येक फाउंड्री क्लस्टरमध्ये दोन वर्षांच्या पगारी उमेदवारीच्या जागा काढा. पदविकाधारक आणि वाणिज्य पदवीधर अशी जोडी नेमा. तिने शिफ्टभर भट्टीपाशी बसून मीटर वाचावं आणि त्याच हाताने कर्जाचा प्रस्ताव लिहावा, मालकाला मराठीत समजावून सांगावा. वेतन कर्जाच्या रकमेवर मात्र ठेवू नका. तसं केलंत, तर अर्ध्या टनाच्या भट्टीकडे कुणी फिरकणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याच भट्टीची आहे. मोजलेली माहिती मालकाच्या मालकीची राहील, हेही लिहून द्या.

आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीपाशी महामार्ग पंचगंगेच्या पाण्याखाली गेला, २०२१ च्या जुलैत पुन्हा गेला. माल निघेना, कच्चा माल येईना. ट्रान्सफॉर्मर किती उंचीवर बसवायचा, साठा किती दिवसांचा ठेवायचा, हासुद्धा हवामान-वित्ताचाच प्रश्न आहे. नेमलेल्या जोडीने तोही कर्जाच्या प्रस्तावात मांडायला हवा.

अंतिम वर्षाच्या परीक्षा उन्हाळ्यात संपतात. त्याआधी जाहिरात निघाली, तर माझे काही विद्यार्थी पुण्याला खोली शोधायला जाण्याऐवजी अर्ज भरतील. अभ्यासक्रम आखायला आणि फाउंड्रीमालकांशी गाठ घालून द्यायला आम्ही शिक्षक तयार आहोत. उत्तराची वाट पाहते.

आपली,
पदविका महाविद्यालयातील एक अध्यापिका, कोल्हापूर