पोरांना शेवट वाचू द्या

गेल्या गणपतीत चंडीगडच्या आमच्या मराठी मंडळात आरती झाली आणि मी प्रसादाच्या रांगेत उभा होतो. पुढे एक निवृत्त कर्नल साहेब. मूळचे कोल्हापूरकडचे, आता पंचकुलात स्थायिक. माझी पोरगी कोपऱ्यात खुर्चीवर पाय वर घेऊन वाचत बसली होती. साहेबांनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, मागचा मजकूर वाचला आणि मला म्हणाले, "अरे, फौजीची पोरगी ना ही? पोरं पोरांना मारतात, असली पुस्तकं कशाला देतोस? 'स्वामी' दे, 'श्रीमान योगी' दे. अभिमान वाटेल असं काहीतरी वाचू दे तिला."

मी "येस सर" म्हणालो. प्रसादाच्या रांगेत सीनियरशी वाद घालायचा नसतो. पण उत्तर पोटात राहिलं होतं, ते आज इथे लिहितोय. साहेब, वाचलंत तर रागावू नका. रागावलात तर चंडीमंदिरला चहाला या, समोरासमोर भांडू.

पुस्तक होतं 'मॉकिंगजे'. सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेच्या 'हंगर गेम्स' मालिकेचा तिसरा भाग, २०१० साली आलेला. ज्यांना ही मालिका वाचायची आहे त्यांना आधीच सांगतो, पुढे मी शेवट फोडणार आहे.

मी स्वतः हे पुस्तक वाचलं त्याला कारण पोरगीच. मागची पोस्टिंग संपवून इथे आलो तेव्हा काळ्या ट्रंका उघडताना तिची पुस्तकं आधी बाहेर निघाली. तिची शाळा दर दोन-तीन वर्षांनी बदलते, मैत्रिणी बदलतात, शाळेतली दुसरी भाषा बदलते. मालिकेतली माणसं तेवढी ट्रंकेतून सोबत येतात. फौजी पोरांना मालिका का आवडतात याचं कोडं मला तेव्हा सुटलं. त्याच आठवड्यात एका रात्री ती पुस्तक हातात घेऊन आली आणि विचारलं, "बाबा, तुला पण अशी स्वप्नं पडतात का?"

मी "झोप आता" म्हणालो. मग दोन रात्रींत ते पुस्तक संपवलं.

नायिका कॅटनिस सतरा वर्षांची आहे. लढाई तिची बाजू जिंकते. पण जिंकण्याच्या ऐन क्षणी काय होतं? शत्रूच्या राजधानीत मुलांच्या घोळक्यावर बॉम्ब पडतात. मदतीला वैद्यकीय पथक धावतं आणि उरलेले बॉम्ब तेव्हा फुटतात. त्या पथकात कॅटनिसची धाकटी बहीण असते. पुढे कॅटनिसला कळत जातं की हे बॉम्ब आपल्याच बाजूने टाकलेले असावेत आणि ती कल्पना तिच्या जवळच्या मित्राच्या डोक्यातून निघालेली असावी.

आता सांगा साहेब, पहिला स्फोट जखमी करण्यासाठी आणि दुसरा मदतीला धावणाऱ्यांसाठी, हे आपण कुठे शिकलो? कोर्समध्ये शिकलो, मग काश्मीरमध्ये जवानांना शिकवलं: धावू नका, आधी दुसरा शोधा. किशोरांच्या कादंबरीत ही गोष्ट इतकी नेमकी मला अपेक्षित नव्हती. नंतर कळलं की लेखिकेचे वडील अमेरिकन हवाई दलात अधिकारी होते. ती सहा वर्षांची असताना ते व्हिएतनामला गेले. त्यावर तिने लहान मुलांसाठी वेगळं चित्रपुस्तकही लिहिलं आहे, 'इयर ऑफ द जंगल', २०१३ साली. म्हणजे ही फौजीच्या पोरीनेच लिहिलेली मालिका आहे. आपल्याच बिरादरीतली.

आणि शेवट? सत्कार नाही, पदक नाही. कॅटनिस उद्ध्वस्त गावात परत जाते, महिनोन्महिने धड बोलत नाही. अनेक वर्षांनी तिची मुलं एका कुरणात खेळत असतात आणि ते कुरण म्हणजे मेलेल्यांना एकत्र पुरलेली जागा असते. मुलांना ते माहीत नसतं. आई विचार करत असते, आपल्या रात्रीच्या स्वप्नांबद्दल यांना कधी आणि कसं सांगायचं.

"हे पोरांसाठी फार काळं आहे" असं म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न: तुम्ही 'स्वामी' कितव्या वर्षी वाचलीत? मी आठवीत वाचली. थेऊरला माधवराव जातात आणि रमाबाई सती जातात, तिथे मी गोधडीत तोंड खुपसून रडलो होतो. 'श्रीमान योगी'चा शेवटही राज्याभिषेकावर होत नाही, महाराजांच्या मृत्यूवर होतो. 'श्यामची आई' तर त्याआधीच वाचलेली. साने गुरुजींनी ती १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बेचाळीस रात्रींची ती गोष्ट कुठे पोहोचते? श्याम घरी येतो तेव्हा आई गेलेली असते. आपल्या आज्यांनी, आयांनी हे पुस्तक आपल्या हातात स्वतःहून दिलं. आपण बिघडलो नाही. फौजेत आल्यावर ज्यांना ज्यांना तार उशिरा मिळाली, रजा उशिरा मिळाली, त्यांना श्याम आठवला असेल. मला आठवला. माझी आई गेली तेव्हा मी पुण्याच्या स्टेशनवर उतरत होतो.

तेव्हा काळा शेवट परका आहे, ही सबब चालणार नाही. आपल्याकडे तो आधीपासून आहे. फरक इतकाच की रडवणारं पुस्तक मराठी असेल तर आपण त्याला संस्कार म्हणतो.

दुसरा आक्षेप: मालिका संपली तरी त्यातल्या दुय्यम पात्रांच्या कथा, आधीच्या कथा, नंतरच्या कथा काढत राहायचं, हा निव्वळ धंदा आहे. यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. 'डायव्हर्जंट' मालिकेचा शेवटचा भाग 'अलिजियंट' २०१३ साली आला. त्यात नायिकाच मरते आणि जगभरचे वाचक लेखिकेवर चिडले. पुढच्या वर्षी नायकाच्या बाजूने सांगितलेल्या कथांचं 'फोर' आलं. २०१८ साली आणखी एक छोटी कथा आली, ती लेखिकेच्या दुसऱ्याच पुस्तकाची आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांना मिळाली. हा सरळ बाजार आहे. पण त्या कथेत सांगितलंय काय? ती गेल्यानंतर पाच वर्षांनी मागे राहिलेला माणूस कसा जगतो. वाचकांना ते आवडलं नाही, कारण तो पुन्हा कुणाच्या तरी जवळ जातो. आपल्या समाजालाही ते आवडत नाही. वीरनारीने पुन्हा लग्न केलं की गावात काय बोललं जातं, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. धंद्यासाठी का होईना, कुणीतरी पंधरा वर्षांच्या पोरांना हा प्रश्न विचारला.

आणि हेमिच घ्या. 'हंगर गेम्स'मध्ये हा सदैव दारूच्या नशेत असतो, विनोदी वाटतो. त्यानेही लहानपणी तोच जीवघेणा खेळ जिंकलेला असतो. त्याची पूर्ण गोष्ट सांगणारं 'सनराइज ऑन द रीपिंग' २०२५ साली आलं, मूळ मालिका संपून पंधरा वर्षं झाल्यावर. प्रत्येक युनिटमध्ये एक हेमिच असतो साहेब. तुमच्याही होता, माझ्याही. त्याच्या कागदांवर एक ओळ असते: अति मद्यपान. ती ओळ लिहिणाऱ्या किती जणांनी त्याची आधीची गोष्ट विचारली? मी विचारली नव्हती.

आता आपल्या मराठीकडे येतो, कारण माझं खरं भांडण इथे आहे. मी खडकवासल्याला पोहोचलो त्यात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा मोठा हात आहे. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा सायकलवर टांग मारतो, "ट्टॉक" करतो आणि संकटात घुसतो. 'जवानमर्द फास्टर फेणे' हे नाव वाचूनच माझी छाती फुगायची. दहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा चांगलं काही देता येणार नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो. पण बनेश फेणे पुस्तकांत शाळकरीच राहिला. १९१० साली जन्मलेले भागवत २००१ साली गेले आणि बनेश मोठा झाला तो थेट २०१७च्या सिनेमात, वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात आला तेव्हा. यात भागवतांचा दोष नाही, त्यांनी त्यांचं काम चोख केलं. त्यांच्यानंतर आपण काय केलं? दहा वर्षांच्या पोराला फेणे दिला आणि सोळाव्या वर्षी त्याला एकदम मोठ्यांच्या ऐतिहासिक कादंबरीत ढकललं. मधली पाच-सहा वर्षं, ज्या वयात पोरगं एनडीएचा फॉर्म भरायचं ठरवतं, ती रिकामी ठेवली. मग ते इंग्रजी वाचतं, आणि आपण म्हणतो पोरं मराठी वाचत नाहीत.

साताऱ्याजवळ आपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आजही तिथल्या घराघरांतून पोरं फौजेत जातात. त्या गावातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला लढाईनंतर घरी आलेल्या माणसाबद्दल मराठीत काय वाचायला द्याल? शौर्यकथा मिळतील. त्या हव्यातच. पण शौर्यकथा चौकी हाती आली की संपते.

मीही तसाच संपवतो. गेली काही वर्षं शाळांमध्ये मला भाषणाला बोलावतात. मी वीस वर्षांपूर्वीची उत्तर काश्मीरमधली एक चकमक सांगतो. माझ्या प्लॅटूनचा एक जवान त्यात गेला. गोष्ट तिरंग्यावर संपते, मुलं उभी राहून टाळ्या वाजवतात. अलीकडे पोरगी एका भाषणाला होती. परतताना गाडीत म्हणाली, "तू नेहमी तिथेच थांबतोस."

पुढची गोष्ट अशी. सहा महिन्यांनी मी त्या जवानाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला: त्या रात्री तो जेवला होता का, काय जेवला होता? मला माहीत नव्हतं. हत्यारं किती, गोळ्या किती, वेळ किती, सगळं पाठ होतं. परत जाऊन मी लांगरीला विचारलं. त्याला लख्ख आठवत होतं. राजमा-भात, आणि जवानाने लोणचं दोनदा मागून घेतलं होतं. ते मी पत्रात लिहून कळवलं. लढाईच्या अहवालात त्या लांगरीचं नावसुद्धा नाही, पण त्या आईला हवी असलेली गोष्ट एकट्या त्याच्याकडे होती.

मालिका संपल्यावर येणाऱ्या त्या छोट्या जोडकथा हेच काम करतात. मोठ्या गोष्टीत ज्याला दोन ओळी मिळाल्या, त्याला बोलायला देतात. पंधराव्या वर्षी हे वाचलेलं पोरगं पुढे अधिकारी झालं, तर कदाचित लांगरीला वेळेवर विचारेल. मला उशीर झाला.

चंडीगडच्या सेक्टर तीनमध्ये बोगनवेलियाच्या बागेत युद्धस्मारक आहे. १९४७ नंतर कामी आलेल्या, या भागातल्या हजारो जवानांची नावं तिथे कोरलेली आहेत. त्या रविवारी पोरीला घेऊन तिथे गेलो. एका बाकावर बसून आईचा प्रश्न, लांगरी, लोणचं, सगळं सांगितलं. स्वप्नांबद्दलही. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "हे शाळेत पण सांग."

तर साहेब, माझं म्हणणं एवढंच. पोरांच्या हातातून शेवटचा भाग काढून घेऊ नका. आधी स्वतः वाचा, मग बोला. आणि तुम्ही निवृत्त आहात, हाताशी वेळ आहे, भाषा तर कोल्हापूरची आहे. तुमच्या लढाईची गोष्ट मंडळात आम्ही दर वर्षी ऐकतो. त्यानंतरची एकदा लिहा. तुमच्या रेडिओ ऑपरेटरची, तुमच्या ड्रायव्हरची, तुम्ही घरी आलात तेव्हा दार उघडणाऱ्या वहिनींची. पंधरा वर्षांच्या पोराला कळेल अशा मराठीत, फार तर दहा पानं. माझी पोरगी पहिली वाचेल. तिचं मराठी वाचन जरा हळू आहे, पण शेवटपर्यंत वाचते.