सशाचे दुखणे आणि शेजारणीची नजर

घरात कुणी अचानक आजारी पडले की आपल्या माणसांना दोन प्रश्न पडतात. काय झाले? आणि कुणामुळे झाले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला डॉक्टर लागतो, वेळ लागतो, पैसा लागतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र फुकट मिळते. शेजारच्या दाराकडे बोट दाखवले की झाले! मुक्या जनावराच्या दुखण्यातही हेच घडते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एका सशाच्या निमित्ताने जे झाले, ते म्हणूनच वाचक भगिनींना सांगावेसे वाटते.

एका रिक्षाचालकाच्या घरी भुऱ्या नावाचा ससा आहे. आठवीतल्या मुलीने हट्टाने आणलेला. रविवारी रात्री त्याने नेहमीसारखी मेथी खाल्ली. सोमवारी सकाळी पाहतात तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठीला कुबड काढून बसलेला. कान गार पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. कोथिंबीर नाकाशी धरली तरी हुंगली नाही. पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती.

आजीने लगेच निदान केले. "काल सांजच्याला ती बघून गेली. म्हणली, किती गुबगुबीत झालाय! लागली नजर."

ही 'ती' म्हणजे शेजारची विधवा बाई. नवऱ्याच्या मागे शिवणकाम करून दोन मुले शिकवणारी. भाजी निवडली की पाला न चुकता भुऱ्याला आणून देणारी. आजीने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. भिंत एकच, त्यामुळे बोलणे पलीकडे ऐकू गेले. त्या दिवसापासून बाईने त्या घराची पायरी चढणे सोडले.

मुलीने मात्र वडिलांचा पिच्छा सोडला नाही. वडिलांनी दिवसाचा धंदा बुडवला आणि रिक्षात पिंजरा घालून जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दात तपासले, पोट हाताने चाचपले, नळी लावून पोटाचा आवाज ऐकला. आतडे जवळजवळ थंडावले होते. मात्र पोट फुगून ताठ झालेले नव्हते. त्यांनी कातडीखाली कोमट सलाईन दिले, वेदना कमी करणारे आणि आतड्याला चालना देणारे औषध दिले. वाळलेल्या गवताच्या भुकटीची पेज बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडी थोडी भरवायला शिकवली. मुलगी रात्रभर दर दोन तासांनी उठत होती. मंगळवारी पहाटे पाच-सहा बारीक लेंड्या पडल्या, तेव्हा तिने घर डोक्यावर घेतले! बुधवारी भुऱ्याने आपणहून गवत खाल्ले.

"झाले कशाने?" असे वडिलांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही. दात ठीक आहेत, ताप नाही. खाण्यात बदल झाला असेल, कशाला तरी घाबरला असेल. पण असेल म्हणजे आहे असे नव्हे."

हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. शिकलेला माणूस 'मला नक्की ठाऊक नाही' असे म्हणतो, तेव्हा तो अडाणी ठरत नाही, तो प्रामाणिक ठरतो. न कळलेल्या कारणाची जागा रिकामी ठेवायला धीर लागतो. तो धीर नसला की त्या रिकाम्या जागेत कुणीतरी गरीब बाई उभी केली जाते.

आजीचे म्हणणे, दृष्ट काढली म्हणून ससा वाचला. नातीने विचारले, "आजी, दृष्ट सोमवारी सकाळीच काढलीस. मग दुपारी दवाखान्यात नेईपर्यंत त्याचे कान गारच का होते?" आजी गप्प बसली. पण न्याय सर्वांना सारखाच हवा. एकट्या भुऱ्यावरून औषधाचा गुणही सिद्ध होत नाही. काही ससे आपोआपही सावरतात. औषधावर भरवसा ठेवायचा तो एका सशामुळे नव्हे, तर डॉक्टरांनी अशी अनेक जनावरे तपासून, नोंदी ठेवून, चुका दुरुस्त करून ते ज्ञान मिळवले आहे म्हणून. मीठ-मिरचीच्या मागे अशी एकही नोंदवही नाही.

आता हे दुखणे 'अचानक' का वाटते ते पाहू. ससा हा शिकार होणारा प्राणी. रानात जो दुबळा दिसतो, त्याला आधी उचलले जाते. म्हणून दुखणे लपवणे त्याच्या अंगातच मुरलेले असते. आपल्याला कळते तोवर बराच वेळ गेलेला असतो.

दुसरे कारण त्याच्या पोटात आहे. सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले पुढेच सरकले पाहिजे, आणि ते सरकायला चोथा लागतो. त्याच्या आतड्यात एक मोठी पिशवी असते. तिच्यातील उपयोगी जंतू चारा आंबवतात. त्यातून मऊ, चकचकीत लेंड्या तयार होतात आणि ससा त्या थेट तोंडाने उचलून खातो. बायाबापड्यांना याची किळस येते. पण ती घाण नसून त्याचे पोषण आहे. भीती, वेदना, उकाडा किंवा चुकीचे खाणे यांपैकी कशानेही आतडे मंदावले की आतला माल सुकतो, वायू धरतो, पोट दुखते. दुखते म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडे आणखी मंदावते. असे हे दुष्टचक्र आहे.

म्हणून ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या बंद झाल्या असतील, तर उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. पोट फुगून ताठ झाले असेल तर एक तासही दवडू नये आणि घरी काही भरवू नये.

अंग गार लागत असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. उलट उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ससा धापा टाकत असेल, तर सावलीत, वाऱ्याला ठेवून कान ओल्या फडक्याने पुसावेत आणि तडक दवाखाना गाठावा.

माणसांची औषधे देऊ नयेत. अमॉक्सिसिलिनसारखी औषधे तोंडावाटे दिली तर पोटातील उपयोगी जंतू मरून ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवर लावतात ते फिप्रोनिलही सशाला विषारी आहे.

मुख्य खाणे वाळलेले गवत. त्याचे दात जन्मभर वाढत असतात. ते गवत चावूनच झिजतात. सोबत थोडा ताजा पाला. पाव, बिस्किट, भात, पोळी लाडानेही देऊ नये. गाजर गोड असते, तेव्हा एखादा तुकडा पुरे. कांदा-लसूण मुळीच नको.

आणि रानातला ससा पकडून पाळू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे तो संरक्षित आहे. घरी पाळतात ते ससे वेगळ्या जातीचे असतात.

शेवटी त्या शेजारणीविषयी. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमकी व्यक्ती करणी करते, जनावरांचे दूध आटवते, अपशकुनी आहे असे पसरवून तिचे जगणे कठीण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आमच्या गल्लीत गोष्ट तिथवर गेली नाही. मुलीची आई स्वतः शेजारी गेली आणि बाईंना घरी घेऊन आली. आजीने माफी मागितली नाही; पण सुनेला चहा टाकायला सांगितले. हेही थोडे नाही.

भगिनींनो, सगळेच गाव असे शहाणे निघत नाही. गावोगाव अनेक बायांचे आयुष्य अशा एका वाक्याने नासले आहे. तेव्हा घरात माणूस आजारी पडो वा जनावर, मुलांच्या देखत 'कुणाची नजर लागली' हे वाक्य उच्चारू नका. त्याऐवजी शेवटचे कधी खाल्ले, काय खाल्ले, शी-शू कधी झाली, हे कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरला तो कागद उपयोगी पडेल आणि मुलांना विचार करण्याची सवय लागेल.