भट्टीवाल्याचं नाव कुठे आहे?

परवा शनिवारी भाचा मला पणजीत बिअरच्या चाखणीला घेऊन गेला. "मामा, ही साधी बिअर नव्हे, कोलॅब आहे. दोन ब्रुअरींनी मिळून केलेली पिल्सनर." मी सरकारी कारकून. आमच्याकडे दोन खात्यांनी मिळून काही करायचं म्हटलं की फाईल हरवते, त्यामुळे उत्सुकता होतीच.

आधी खरं सांगतो. बिअर छान होती. फिकट सोनेरी, वर दाट पांढरा फेस, लिंबाच्या सालीसारखा वास. मागून कडवटपणा आला. लहानपणी पावसाळ्यात आई किरायत्याचं पाणी पाजायची, तसा, पण झटकन विरणारा. ही हॉप्सची करणी. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. उकळताना आधी घातली की कडूपणा उतरतो, शेवटी घातली की सुवास राहतो.

चाखणी घेणाऱ्या मुलाने पिल्सनरची जन्मकथाही सांगितली. बोहेमियातलं प्लझेन गाव. तिथली बिअर इतकी बिघडली की 1838 मध्ये लोकांनी छत्तीस पिंपं नगरभवनापुढे ओतून दिली. मग गावकऱ्यांनी स्वतःची ब्रुअरी उभारली आणि बव्हेरियाहून योजेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. गावचं मृदू पाणी, तिकडचेच साझ हॉप्स आणि थंडीत सावकाश आंबवायची बव्हेरियन रीत, यांतून 1842 मध्ये ही बिअर निघाली. म्हणजे पिल्सनर मुळातच कोलॅब!

सगळे भक्तिभावाने ऐकत होते. माझं डोकं फिरलं ते नंतर. शेजारचे एक गृहस्थ, आपलेच गोंयकार, ग्लास नाकाशी धरून म्हणाले, "वा, काय अरोमा!" मी सहज विचारलं, "फेणी घेता का हो?" त्यांनी नाक मुरडलं. "छे, घाण वास येतो."

बघा मंडळी. परक्या फुलाचा तो अरोमा आणि आपल्या काजूची ती घाण!

काजूही मूळचा आपला नव्हे, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. पण बोंडू तुडवून, रस आंबवून, भाणात चढवून आधी हुर्राक आणि मग फेणी काढण्याची विद्या इथल्या माणसांची. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. प्लझेनकरांना हे भाग्य लाभलं नाही. पिल्सनर हे आता गावाचं नव्हे, बिअरच्या प्रकाराचं नाव झालं आहे, असा निकाल म्यूनिकच्या न्यायालयाने 1899 मध्ये दिला. त्यांचं नाव कोर्टात गेलं. आपल्याला कागदावर मिळालं, आणि आपण ते जेवणाच्या टेबलावर घालवतो आहोत.

कोणी म्हणेल, दारूचं कसलं कौतुक? दारूने घरं बुडालेली मीही पाहिली आहेत, आमच्याच वाड्यावर. पण मग तोच न्याय त्या महागड्या ग्लासालाही लावा. डब्यावर सुंदर चित्र असलं म्हणून यकृत फसत नाही.

दुसरा आक्षेप भेसळीचा. तो खरा आहे. पण भेसळ फोफावते का? कारण घेणारा विचारत नाही. भट्टी कोणाची, कुठल्या गावची, किती ग्राव, काही नाही. "एक बाटली दे" एवढंच. त्या पिल्सनरच्या डब्यावर दोन्ही ब्रुअरींची नावं ठळक छापली होती. वाईट निघाली तर कोणाला धरायचं ते कळतं, चांगली निघाली तर कोणाचं नाव घ्यायचं तेही. फेणीसुद्धा कोलॅबच. वेचणारी, तुडवणारा, रात्रभर विस्तव सांभाळणारा, एवढ्यांचे हात तिला लागतात. आपल्या कपाटातल्या बाटलीवर यातलं एक तरी नाव आहे का?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पिल्सनर जरूर प्या, मीही पुन्हा पिईन. पण मार्चमध्ये हुर्राक घ्यायला जाल तेव्हा भट्टीवाल्याचं नाव विचारा, तसंच नाक लावून वास घ्या आणि चांगली असेल तर ते नाव चार जणांना सांगा.

असो. चाखणी संपल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, आपल्या गावच्या भट्टीवाल्याचं नाव काय?" मला सांगता आलं नाही. वीस वर्षं त्याच्याकडूनच घेतो आहे.