पन्नास यार्डांचा प्रश्न, हजार यार्डांचे उत्तर

इंग्लंडच्या ग्रामीण भागात हिवाळा आला की रेप या तेलबियांच्या हिरव्या शेतांवर रानकबुतरांचे थवे उतरू लागतात आणि कोवळी पाने फस्त करतात. बांधालगतच्या बिळांतून ससे निघतात आणि उगवते धान्य कुरतडतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून हौसेने आणून सोडलेली करडी खार तरुण झाडांच्या साली सोलून काढते. अशा वेळी तेथील शेतकरी परिसरातील एखाद्या एअरगनधारकाला बोलावतो. तो येतो, कुंपणाआड तास-दोन तास निमूट बसतो आणि सायंकाळी दोन-चार ससे किंवा कबुतरे घेऊन घरी जातो. कायद्याने घातलेल्या अटी पाळून केलेली ही शिकार त्या देशात वैध आहे. हरणावर मात्र एअरगन चालविण्यास तेथेही सक्त मनाई आहे. अलीकडे या मंडळींमध्ये एका प्रश्नाची चर्चा हिरिरीने चालते: लेझर अंतरमापक कोणता घ्यावा? वरवर पाहता हा ग्राहकोपयोगी वस्तूच्या खरेदीचा सामान्य प्रश्न वाटतो. वस्तुतः तो तसा नाही.

याचे कारण एअरगनच्या दुबळेपणात आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये विशेष परवान्यावाचून बाळगता येणाऱ्या एअर रायफलीच्या शक्तीवर १९६९च्या नियमांनी १२ फूट-पाउंडांची मर्यादा घातली आहे. (स्कॉटलंडमध्ये २०१६च्या अखेरीपासून एवढ्या शक्तीच्या एअरगनलाही प्रमाणपत्र लागते.) या मर्यादेत राहून .२२ व्यासाचा, १६ ग्रेन वजनाचा छर्रा नळीतून सेकंदाला जेमतेम ५८० फूट वेगाने बाहेर पडतो. बारुदी रायफलीची गोळी शंभर-दीडशे यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ जाते असे धरून चालता येते. छर्‍याच्या बाबतीत तशी सोय नाही. तो निघाल्यापासूनच लक्षणीय खाली येऊ लागतो. ३० यार्डांवर नेम पक्का बसविलेल्या रायफलीचा छर्रा ३५ यार्डांवर सुमारे एक इंच खाली लागतो आणि ४० यार्डांवर दोन इंचांहून अधिक. .१७७ व्यासाचा हलका छर्रा वेगवान असल्याने ही घसरण निम्म्यावर येते, पण नाहीशी होत नाही.

आता सशाचा विचार करावा. एवढ्या अल्प शक्तीच्या छर्‍याने तो तत्क्षणी मरावयाचा तर छर्रा मेंदूवरच बसला पाहिजे, आणि ते लक्ष्य साधारण एका इंचाच्या वर्तुळाएवढे असते. अंतराच्या अंदाजात पाच यार्डांची चूक झाली की छर्रा त्या वर्तुळाबाहेर जातो. मेंदूऐवजी जबडा फुटतो. ससा उडी मारून बिळात शिरतो आणि पुढे दोन-तीन दिवस भुकेने, वेदनेने तडफडून मरतो. शिकारी मात्र ‘नेम चुकला’ एवढेच म्हणून घरी परततो. बिळातले त्याला दिसत नाही. पाच यार्डांची चूक काही मोठी नव्हे. मोकळ्या कुरणापलीकडचा प्राणी आहे त्याहून जवळ भासतो, मंद प्रकाशात तोच दूर वाटतो. अनुभवी डोळाही येथे फसतो.

म्हणून अंतरमापकाची आवश्यकता आहे, याविषयी शंका नसावी. हे यंत्र अदृश्य लेझर किरणांचा क्षणिक झोत सोडते, तो लक्ष्यावर आदळून परत येण्यास लागलेला वेळ मोजते आणि त्यावरून अंतर सांगते. प्रकाशाचा वेग इतका प्रचंड की एक मीटर अंतर जाऊन येण्यास सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाच्या सातपटीहूनही कमी वेळ लागतो. तो वेळ खिशात मावणारे यंत्र मोजते, हे विज्ञानाचे नवल खरेच. पण बाजारात या नवलाची विक्री भलत्याच मापाने होते. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘८०० यार्ड’, ‘१००० यार्ड’ असे आकडे छापलेले असतात आणि जो आकडा मोठा त्याची किंमत मोठी. हे आकडे बहुधा चकचकीत परावर्तक फलकावरचे असतात. केसाळ प्राण्यावर पल्ला त्याच्या निम्म्यावरही येऊ शकतो, ही गोष्ट तर वेगळीच. मुळात ज्याचे छर्रे ४०-४५ यार्डांपलीकडे न्याय करू शकत नाहीत, त्याने हजार यार्डांचे पैसे का मोजावेत? ही खरेदी विहिरीतून घागर काढण्यासाठी समुद्राची खोली मोजणारा दोर घेण्यासारखी झाली.

एअरगनधारकाने उलट दिशेने पाहिले पाहिजे. यंत्र किती दुरून मोजते यापेक्षा किती जवळून मोजते, आणि १० ते ५० यार्डांत किती सातत्याने मोजते, हे महत्त्वाचे. काही यंत्रे अगदी जवळच्या अंतरावर आकडाच दाखवीत नाहीत. बहुतेकांची अचूकता एक यार्ड मागे-पुढे असते. या कामाला तेवढी पुरते. अर्ध्या यार्डाच्या अचूकतेसाठी दुप्पट रक्कम देणे ही चैन होय. आकडे काळ्या रंगात उमटणारी यंत्रे दिवसा ठीक, पण ससे बाहेर पडतात ते तिन्हीसांजेला. त्या वेळी काळ्या झाडोऱ्यावर काळा आकडा वाचता येत नाही. लाल उजेडात उमटणारा आकडा हवा. यंत्र यार्ड दाखवीत आहे की मीटर, हे तर प्रत्येक वेळी पाहावे. ४० यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर. एका चुकीच्या बटणाने साडेतीन यार्डांची गफलत घरबसल्या होते.

याहून अधिक फसवणूक फांद्या करतात. लेझरचा झोत सुईसारखा बारीक नसतो. अंतराबरोबर तो पसरतो. कबूतर ३५ यार्डांवर बसले आहे आणि मध्ये २० यार्डांवर एक डहाळी आली, तर यंत्र डहाळीचे अंतर निष्पापपणे सांगून मोकळे होते. गोल्फसाठी बनविलेली यंत्रे तर मुद्दाम जवळची वस्तू आधी पकडतात, कारण तेथे निशाणाची काठी मोजायची असते आणि मागची झाडे नकोत. शिकारीसाठीच्या यंत्रात याच्या नेमकी उलट, दूरची वस्तू धरण्याची सोय असते. स्वस्त मिळते म्हणून गोल्फचे यंत्र घेणाऱ्याला हा फरक दुकानदार सांगतोच असे नाही. अशा वेळी पक्ष्यावर यंत्र न रोखता झाडाच्या जाड बुंध्यावर रोखावे, हा साधा उपाय.

झाडाच्या शेंड्यावर नेम धरताना आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. छर्‍याची घसरण ठरते ती मुख्यतः आडव्या अंतरावरून, तिरप्या अंतरावरून नव्हे. ४५ अंशांच्या कोनात ४० यार्डांवर दिसणारे कबूतर नेमाच्या हिशेबाने सुमारे २८ यार्डांवरच असते. ४० यार्डांचा नेम धरला की छर्रा डोक्यावरून जातो. म्हणून कोन धरून हिशेब करणारे यंत्र घेण्यात थोडे पैसे अधिक गेले तरी ते सार्थकी लागतात.

‘यंत्राने डोळ्याची कला मरते,’ असा जुन्या जाणत्यांचा आक्षेप असतो. त्यात तथ्य नाही असे नाही. १९८०च्या सुमारास इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या फील्ड टार्गेट या खेळात पत्र्याच्या प्राण्यांवर नेम धरतात, आणि तेथे लेझर अंतरमापकाला मज्जाव आहे. अंतर ओळखणे हीच तेथे परीक्षा असते. नेमबाज दुर्बीण स्पष्ट करता करता त्यावरून अंतर काढतात. खेळात हे शोभून दिसते, कारण चुकले तर एक गुण जातो. रानात चूक दुसऱ्या जिवाला भोवते. तेथे अंदाजाचा अभिमान मिरविणे हे कौशल्य नव्हे.

आक्षेप घ्यायचाच तर तो दुसराच घ्यावा. आकडा दिसू लागला की हात शिवशिवतो. यंत्र ‘५५’ दाखविते आणि काल ज्याने चाप ओढला नसता तो आज ओढतो. पण यंत्राला वारा दिसत नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा पन्नास यार्डांवर छर्‍याला पाच-सहा इंच बाजूला नेऊ शकतो. तेव्हा मर्यादा यंत्राने नव्हे, कागदाने ठरवावी. गुडघा टेकून, जसे रानात बसतो तसे बसून, ज्या अंतरावरून दहाच्या दहा छर्रे इंचाच्या वर्तुळात बसतात ते आपले अंतर. कित्येकांच्या बाबतीत ते २५ यार्डच निघते.

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रपंच दूरचा वाटेल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार निषिद्ध आहे. .१७७ व्यासाच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, पण म्हणून पोपट वा कवडा टिपण्याची मुभा मिळत नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली एअरगन स्वेच्छेने सरकारजमा करण्याची मोहीम निघाली, ती पाखरांचा असाच संहार थांबविण्यासाठी. राहिला खेळ. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत एअर रायफलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले ते १० मीटरवर, जेथे अंतर कधीच बदलत नाही. मुलाला नेमबाजीस घालणाऱ्या पालकांनी या यंत्रावर रुपयाही खर्चू नये. छर्रे आणि सराव यांवर खर्चावा.

ज्या देशांत शिकार वैध आहे तेथे मात्र यंत्र वापरण्याची वेळ कोणती, हेही शिकावे लागते. जाणता एअरगनधारक बिळापाशी पोहोचताच, अजून काही हललेले नसताना, कुंपणाचा खांब, पडका ओंडका, बिळाचे तोंड, पलीकडचे काटेरी झुडूप मोजून घेतो. आकडे चिठ्ठीवर लिहून रायफलीच्या दस्त्यावर चिकटवितो. ओंडक्यापलीकडचे आपले नाही, हे तेव्हाच ठरते. मग यंत्र खिशात जाते. ससा बाहेर येऊन कान टवकारतो, तेव्हा हात हलविण्याचे कारण उरत नाही.