प्लेटोचे रकाने

आधुनिक तत्त्वज्ञानावर ग्रीकांचे ऋण आहे, हे वाक्य इतके घोटले गेले आहे की ऋण कसले, हे कोणी विचारत नाही. ते दुहेरी आहे. सॉक्रेटिसाने प्रश्न दिला, प्लेटोने रकाने. राज्यकर्ते, सैनिक आणि कष्टकरी-व्यापारी अशी समाजाची वाटणी ‘रिपब्लिक’मध्ये झाली, ज्याने त्याने आपल्या रकान्यात राहावे, हाच प्लेटोच्या लेखी न्याय. १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चातुर्वर्ण्याचे या मांडणीशी असलेले साम्य दाखवले आणि दोन्हींना एकच आक्षेप लागू केला: प्रत्येक माणूस वेगळा आहे, त्याला मोजक्या वर्गांत कोंबता येत नाही.

तरीही कोंबणे थांबलेले नाही. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यातले कोलाम या आदिवासी जमातीचे पोड, म्हणजे वस्ती, पाहा. कोलामांना स्वतःची कोलामी भाषा आहे, पोडाचा स्वतःचा कारभार आहे. सरकारदरबारी मात्र ते कातकरी आणि माडिया गोंडांसह राज्यातल्या तीन ‘आदिम जमातीं’पैकी एक, म्हणजे लाभार्थी. त्यांच्यातल्या फसवल्या गेलेल्या मुलींसाठी आणखी एक रकाना आहे: ‘कुमारी माता’. वर्षानुवर्षे या तालुक्याचे नाव वर्तमानपत्रांत येते ते याच शब्दांबरोबर. या मातांची सर्वेक्षणे होतात, याद्या होतात, दौरे होतात, सहानुभूतीही होते.

हे रकाने भरणारे अधिकारी निवडणाऱ्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे. त्यासाठी भावी अधिकारी सॉक्रेटिस आणि प्लेटो दोघेही वाचतात. खुर्चीवर बसल्यावर प्लेटो आपोआप आठवतो, कारण तक्ता भरायचा असतो. सॉक्रेटिस आठवणे जड जाते. अथेन्सच्या प्रतिष्ठितांना भर चौकात अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला इ.स.पू. ३९९ मध्ये विषाचा प्याला घ्यावा लागला होता.

झरी जामणीत विचारायचा प्रश्न काही गहन नाही. मूल आहे, माता आहे, तिची यादी आहे. बापाची यादी कुठे आहे? ती मागायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. ती करायची म्हटली, तर मात्र कोणत्या ठेकेदारांची, कोणत्या बड्या घरांची नावे लिहावी लागतील, याचा अंदाज गावाला आहे. कोरा राहिलेला रकाना तोच आहे.