पेढे आणि खोकं

मिठाईवाल्याने खोक्यासकट पेढे तोलले, की आपण लगेच हटकतो. मैत्रिणींनो, स्वतः विकायला बसलो की ते विसरायचं का?

ईबेच्या लिलावात पूर्वी एक युक्ती चाले. बोलीची सुरुवात एका डॉलरपासून आणि टपालखर्च वीस डॉलर! कारण कमिशन फक्त बोलीच्या रकमेवर लागे. 2011 मध्ये ईबेने अमेरिकेत टपालखर्चावरही कमिशन लावलं.

मी कॉमर्सची, म्हणून हिशेब सांगते. वस्तू आधी खोक्यात भरा, वजन करा, मगच टपालखर्चाचा आकडा लिहा. टपाल, खोकं, चिकटपट्टी यांचे पैसे जरूर घ्या. ते खरंच खर्च होतात. नफा आणि कमिशन मात्र वस्तूच्या सुरुवातीच्या किमतीतच धरा. नाहीतर आपणही पेढ्याच्या भावाने खोकंच विकतो.